तेरा डावांचा हिशेब

10 मार्च 2024 रोजी वानखेडेवर रणजी करंडकाचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा मुंबईच्या कर्णधाराच्या नावावर त्या हंगामात जेमतेम 134 धावा होत्या. अकरा डाव, सरासरी 13.40. समोर विदर्भ. पहिल्या डावात कर्णधार आला आणि सात धावा करून परतला. हा कुणी नवखा पोरगा नव्हता. 85 कसोटी सामने, 5077 धावा आणि बारा शतकं नावावर असलेला अजिंक्य रहाणे होता. त्याच्या बारा कसोटी शतकांपैकी एकही भारताच्या पराभवात वाया गेलेलं नाही: नऊ शतकं विजयात आली, तीन अनिर्णित सामन्यांत.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे आकडे जास्त टोचत होते. अजिंक्यचा जन्म 6 जून 1988 चा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. घराण्याचं गाव त्याच तालुक्यातलं चंदनापुरी. वाढला डोंबिवलीत, खेळला मुंबईकडून, पण जिल्ह्यानं त्याला कधी परका मानलं नाही. श्रीरामपूरच्या झहीर खाननंतर जिल्ह्याला मिळालेला हा दुसरा मोठा क्रिकेटपटू. क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला हा सर्वांत मोठा जिल्हा. संगमनेर उत्तरेला, तर सोलापूर रस्त्यावरचं, कर्जत तालुक्यातलं मिरजगाव पार दक्षिणेला. दोन्हीकडचं पाणी वेगळं, पिकं वेगळी, राजकारण वेगळं. तरी अजिंक्य खेळत असला की मिरजगावातही तो ‘आपल्या जिल्ह्याचा’ असतो, आणि तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला की स्टँडवरच्या चहाच्या टपरीपर्यंत ती बातमी पोहोचते.

त्या हंगामात असं दोनदा झालं, तेही लागोपाठ. आंध्रविरुद्ध पहिल्याच चेंडूवर शून्य, पुढे केरळविरुद्ध पहिल्याच चेंडूवर शून्य. केरळविरुद्धच्याच दुसऱ्या डावात 16. उत्तर प्रदेशविरुद्ध 8 आणि 9, आणि तो सामना मुंबई घरच्या मैदानावर हरली. छत्तीसगडविरुद्ध 1 आणि मग नाबाद 56. इथं सूर सापडला असं वाटावं, तर आसामविरुद्ध 22 आणि उपांत्यपूर्व फेरीत बडोद्याविरुद्ध 3 आणि पुन्हा शून्य.

आसामविरुद्धच्या त्या 22 धावांची कथा वेगळीच आहे. रहाणे 18 वर असताना एक धाव चोरायला निघाला, शिवम दुबेनं त्याला परत पाठवलं आणि परत धावताना क्षेत्ररक्षकाची फेक त्याच्या अंगावर आदळली. आसामनं दाद मागितली. पंचांनी क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल त्याला बाद दिलं. चहापानाच्या वेळेत आसामनं अपील मागे घेतलं आणि रहाणे पुन्हा मैदानात उतरला. वाईट काळ चालू असलेल्या फलंदाजाला असं जीवदान मिळालं की चाहत्याला हमखास वाटतं, आता गडी शतक करणार. त्यानं आणखी चार धावा केल्या.

अशा वेळी चाहत्यानं काय करायचं? याचं उत्तर शोधायला थोडं दूर, अमेरिकेतल्या बेसबॉलकडे पाहण्यासारखं आहे. तिथल्या मेजर लीगमध्ये एक संघ एका हंगामात 162 सामने खेळतो. फलंदाजीच्या दहा प्रयत्नांपैकी तीनदा जो यशस्वी फटका मारतो तो तिथं उत्तम फलंदाज गणला जातो. म्हणजे दहातून सात वेळा अपयश हा त्या खेळाचा नेहमीचा व्यवहार. पंधरा-वीस प्रयत्न कोरडे गेले तरी पाचशे-सहाशे प्रयत्नांच्या हंगामात ते जिरून जातात. रणजीत ती सोय नाही. रहाणेला 2023-24 च्या पूर्ण हंगामात तेरा डाव मिळाले. क्रिकेटमध्ये एका चेंडूवर डाव संपतो, आणि पुढचा डाव कधी कधी आठवड्यानं येतो. तेरा डावांत तीन शून्यं पडली तर सरासरी सावरायला जागाच उरत नाही.

बेसबॉलमध्ये मैदानाच्या मागच्या, मोकळ्या भागात तीन क्षेत्ररक्षक उभे असतात. त्यांना आउटफिल्डर म्हणतात. उंच उडालेला चेंडू धावत जाऊन पकडणं आणि तिथून लांब, अचूक फेक करणं हे त्यांचं मुख्य काम. 2018 च्या हंगामात बॉस्टन रेड सॉक्सचा जॅकी ब्रॅडली ज्युनियर हा मधल्या जागेवरचा आउटफिल्डर बॅटनं पार कोलमडला होता. मे महिन्यात त्याची सरासरी .200 च्याही खाली होती. हजार प्रयत्नांत दोनशेसुद्धा यशस्वी फटके नाहीत, असा त्याचा अर्थ. हंगाम संपला तो .234 वर. तरीही संघानं त्याला ठेवलं, कारण मागे तो जे चेंडू पकडत होता ते दुसऱ्याला पकडता आले नसते. त्या वर्षी सर्वोत्तम क्षेत्ररक्षणाचा ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्कार त्याला मिळाला. आणि ऑक्टोबरमध्ये, ह्यूस्टनविरुद्धच्या लीग अंतिम मालिकेत, त्यानं पंधरा प्रयत्नांत फक्त तीन यशस्वी फटके मारले. पण त्या तीन फटक्यांवर संघाच्या नऊ धावा निघाल्या. मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला आणि पुढे बॉस्टननं जागतिक मालिका जिंकली.

ब्रॅडलीसारखंच रहाणेचंही अर्धं काम धावांच्या रकान्यात दिसत नाही. तो सीमारेषेवर उभा राहणारा नाही. त्याची जागा स्लिपची, जिथं विचार करायला सेकंदभरही मिळत नाही. ऑगस्ट 2015 मध्ये गॉल इथं श्रीलंकेविरुद्ध त्यानं एका कसोटीत आठ झेल घेतले: पहिल्या डावात तीन, दुसऱ्यात पाच. यष्टिरक्षक नसलेल्या कुठल्याही खेळाडूनं तोवर एका कसोटीत इतके झेल घेतले नव्हते. भारत तो सामना 63 धावांनी हरला. 176 धावांचा पाठलाग करताना सगळा संघ 112 मध्ये गारद झाला आणि त्यातही सर्वाधिक 36 धावा रहाणेच्याच होत्या. पराभवाच्या गदारोळात त्या आठ झेलांचं जेवढं कौतुक व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही. कसोटीत त्याचे एकूण झेल शंभराच्या वर आहेत. पण वर्तमानपत्रातल्या धावफलकात ‘झे. रहाणे’ ही अक्षरं गोलंदाजाच्या नावाआधी बारीक छापलेली असतात. डोळा पुढे गोलंदाजाच्या बळींकडे जातो.

दुसरी न दिसणारी गोष्ट कर्णधारपदाची. डिसेंबर 2020 मध्ये ॲडलेडला भारत 36 धावांत बाद झाला, विराट कोहली मायदेशी परतला आणि रहाणेनं संघ हाती घेतला. मेलबर्नला त्यानं 112 धावा केल्या, भारत आठ गडी राखून जिंकला. 19 जानेवारी 2021 रोजी ब्रिस्बेनच्या विजयानं मालिका 2-1 अशी खिशात आली, तीही निम्मा संघ जायबंदी असताना. हे सगळं महाराष्ट्रातल्या क्रिकेटवेड्यांना तोंडपाठ आहे.

पण खऱ्या चाहत्यानं पुढचंही पाहायला हवं. त्याच 2021 मध्ये रहाणेनं 13 कसोटींत 479 धावा केल्या, सरासरी 20.82. पुढच्या वर्षी संघाबाहेर बसावं लागलं त्यात अन्याय नव्हता. 2023 मध्ये चेन्नई सुपर किंग्जकडून त्यानं 172 च्या वर स्ट्राइक रेटनं 326 धावा कुटल्या. वानखेडेवर मुंबईविरुद्ध 27 चेंडूंत 61, ईडन गार्डन्सवर कोलकात्याविरुद्ध 29 चेंडूंत नाबाद 71. ज्याला संथ म्हणून हिणवलं जात होतं, त्याचा हा अवतार पाहून जिल्हा खूश झाला. जूनमध्ये जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध 89 आणि 46. हरलेल्या संघात उभा राहिलेला एकच फलंदाज म्हणावा असा. महिनाभरात वेस्ट इंडिजमध्ये 3 आणि 8, आणि पुन्हा बाहेर. या वेळी मात्र निर्णय घाईचा वाटतो. ओव्हलच्या त्या खेळीनंतर वेस्ट इंडिजमध्ये त्याच्या वाट्याला दोनच डाव आले होते.

अशा पार्श्वभूमीवर 2023-24 चा रणजी हंगाम सुरू झाला होता. म्हणजे त्या अकरा डावांतल्या 134 धावांमागे भारतीय संघात परतण्याची आस होती. प्रत्येक अपयशाबरोबर ते दार आणखी थोडं लोटलं जात होतं.

मुंबई मात्र पुढे जात राहिली, आणि कशी! बडोद्याविरुद्ध तनुष कोटियन आणि तुषार देशपांडे या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या जोडीतल्या दोघांनीही शतकं ठोकली आणि 232 धावांची भागी केली. उपांत्य सामन्यात तमिळनाडूविरुद्ध मुंबई 7 बाद 106 अशी अडकली असताना शार्दूल ठाकूरनं 109 धावा केल्या, त्याचं प्रथम श्रेणीतलं पहिलं शतक. मुंबई डावानं जिंकली. कर्णधाराच्या धावा 19. संघातल्या शेपटानं शतकं करायची आणि कर्णधारानं पॅड सोडून ती पाहायची, हे सोसायला मन मोठं लागतं. त्यानं कुणावर तोंडसुख घेतलं नाही, स्वतःला वगळण्याचं नाटक केलं नाही, स्लिपमधली जागा सोडली नाही.

अंतिम सामन्यात मुंबई पहिल्या डावात 224 वर आटोपली. त्यातही 75 शार्दूलच्या. विदर्भाला 105 धावांत गुंडाळलं. दुसऱ्या डावात दोन गडी 34 धावांत गेले आणि रहाणे मैदानात उतरला. समोर मुशीर खान, नुकताच एकोणीस वर्षांचा झालेला, महिन्यापूर्वीच दक्षिण आफ्रिकेतल्या 19 वर्षांखालील विश्वचषकातून परतलेला.

त्या दिवशीची रहाणेची फलंदाजी पाहताना त्याचा वाईट काळ आठवत नव्हता. खेळपट्टीवर पाय रोवायचा, चेंडू येऊ द्यायचा, उगाच बॅट फेकायची नाही, पोराशी बोलत राहायचं. दोघांनी तिसऱ्या गड्यासाठी 130 धावा जोडल्या. रहाणेच्या 73 धावांना 143 चेंडू लागले. मुशीरनं 136 केल्या आणि रणजीच्या अंतिम सामन्यात शतक करणारा मुंबईचा सर्वांत लहान फलंदाज ठरला. तोवर हा मान सचिन तेंडुलकरचा होता. श्रेयस अय्यरनं 95 केल्या. विदर्भासमोर 538 धावांचं लक्ष्य आलं.

विदर्भही लेचापेचा निघाला नाही. अक्षय वाडकरनं कर्णधाराला शोभेल असं शतक केलं, करुण नायर आणि हर्ष दुबेनं अर्धशतकं. 14 मार्चला विदर्भ 368 वर सर्वबाद झाला. शेवटचा बळी धवल कुलकर्णीनं घेतला, त्याच्या कारकिर्दीतल्या शेवटच्या सामन्यात. मुंबई 169 धावांनी जिंकली. हे तिचं 42 वं रणजी विजेतेपद, 2015-16 नंतरचं पहिलं.

रहाणेचा हंगाम 214 धावांवर संपला, सरासरी 17.83. त्यातल्या 73, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त, एकाच डावातल्या. नुसता रकाना वाचला तर हा त्याचा पडता हंगाम, आणि तसं म्हणणारा चुकत नाही. फक्त त्या 73 नसत्या तर 2 बाद 34 वरून मुंबई कुठे गेली असती, हाही प्रश्न त्याच कागदावर लिहिलेला आहे.

पुढच्या हंगामात चक्र फिरलं. ऑक्टोबर 2024 मध्ये लखनौला शेष भारताविरुद्ध इराणी करंडक मुंबईनं 27 वर्षांनी जिंकला, त्यात कर्णधाराच्या 97. डिसेंबरमध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत, श्रेयसच्या नेतृत्वाखाली खेळताना, 469 धावा आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध 56 चेंडूंत 98. ऑगस्ट 2025 मध्ये त्यानं मुंबईचं कर्णधारपद सोडलं. संघ शार्दूलकडे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरात, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, साधा फलंदाज म्हणून तो छत्तीसगडविरुद्ध रणजी सामन्यात उतरला आणि 159 धावा करूनच परतला.