अनामत म्हणून दिले, कर्ज म्हणून बुडाले
दिवाळखोर मोटारसायकल कारखाना आणि गाडीची वाट पाहणारा ग्राहक

एखादा कारखाना बुडाला की बँकांची थकबाकी किती आणि किती कामगार रस्त्यावर आले, याच्या बातम्या येतात. ज्याने गाडीसाठी पैसे भरले आणि ज्याला गाडी मिळालीच नाही, त्या ग्राहकाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. ब्रिटनमधील नॉर्टन ही जुनी मोटारसायकल कंपनी २०२० साली दिवाळखोरीत निघाली, तेव्हा असे ग्राहक पावत्या हातात धरून बसले होते. ती कंपनी पुढे तामिळनाडूतील होसूरच्या टीव्हीएस मोटर कंपनीने घेतली. म्हणून ही हकिकत आपल्या व्यापारी वाचकांनी समजून घेण्यासारखी आहे.

नॉर्टन हे नाव साधे नाही. जेम्स लॅन्सडाऊन नॉर्टन यांनी १८९८ साली बर्मिंगहॅममध्ये हा व्यवसाय सुरू केला. आइल ऑफ मॅन बेटावरील प्रसिद्ध शर्यतीत १९०७ च्या पहिल्याच वर्षी नॉर्टन गाडी आपल्या गटात पहिली आली. पुढे जपानी गाड्या आल्या आणि १९७० च्या दशकात ब्रिटनचा सारा मोटारसायकल धंदाच बसला. नॉर्टनचे नाव या हातातून त्या हातात फिरत राहिले. २००८ साली स्टुअर्ट गार्नर या उद्योजकाने ते विकत घेतले आणि डॉनिंग्टन येथे पुन्हा गाड्या बांधायला सुरुवात केली.

नाव मोठे आणि कारखाना लहान. गाड्या हाताने, थोड्या थोड्या बांधल्या जात. २०१६ च्या नोव्हेंबरात कंपनीने १२०० सीसीची व्ही-फोर ही अतिवेगवान गाडी जाहीर केली. तिचा एसएस हा खास प्रकार फक्त २०० गाड्यांचा आणि किंमत ४४,००० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने छत्तीस-सदतीस लाख रुपये. आरआर हा दुसरा प्रकार २८,००० पौंडांचा होता. २०० गाड्यांची नोंदणी पाहता पाहता भरली. २०१८ साली ६५० सीसीची ॲटलस जाहीर झाली, तिची किंमत दहा ते बारा हजार पौंडांच्या घरात होती. ती सामान्य हौशी माणसाच्या आवाक्यातली असल्याने तिच्यासाठीही लोकांनी पैसे भरले. पण ॲटलसचे नियमित उत्पादन काही सुरू होऊ शकले नाही.

येथे धंद्याचे एक गणित पाहिले पाहिजे. नोंदणी जोरात आहे म्हणजे कंपनी जोरात आहे, असे बाहेरून वाटते. प्रत्यक्षात लहान कारखान्यात याच्या उलटही घडते. इंजिनाचे ओतीव भाग, ब्रेक, चाके, वायरिंग हे सर्व बाहेरून येते आणि कंपनीची पत घसरली की पुरवठादार उधारी बंद करून रोख मागतो. एक भाग आला नाही तर उरलेली पूर्ण गाडी तशीच मांडणीवर उभी राहते. ती विकली जात नाही, म्हणून बाकीची रक्कम येत नाही आणि म्हणून पुढचा भागही येत नाही. अशा वेळी हाताशी असणारा एकमेव रोख पैसा म्हणजे ग्राहकाची अनामत. ती पगारात, भाड्यात आणि जुन्या बिलांत जिरते. गाडीसाठी दिलेले पैसे गाडीलाच लागतील, असे कोणत्याही पावतीवर लिहिलेले नसते.

२९ जानेवारी २०२० रोजी नॉर्टनवर प्रशासक नेमले गेले. मेट्रो बँकेचे कर्ज होते, सरकारी कराची बाकीही होती. ग्राहकांपैकी कोणी विसार दिला होता, तर काहींनी गाडी तयार होत आहे असे ऐकून पुढची मोठी रक्कमही भरली होती. १७ एप्रिल २०२० रोजी, आपल्याकडे टाळेबंदी चालू असताना, टीव्हीएसने हा व्यवहार १ कोटी ६० लाख पौंडांना, म्हणजे सुमारे १५३ कोटी रुपयांना पुरा केला.

पण टीव्हीएसने काय घेतले? नाव घेतले, आराखडे, यंत्रे आणि मालमत्ता घेतली. जुनी कंपनी आणि तिची देणी मागेच राहिली. असे व्यवहार जगभर याच पद्धतीने होतात, त्यात नव्या मालकाचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. घर विकत घेणारा माणूस आधीच्या मालकाची किराणा दुकानातील उधारी घेत नाही, तसेच हे. ग्राहकाच्या डोळ्यांना मात्र तीच पाटी आणि तेच नाव दिसते. त्याला वाटते, कंपनी वाचली म्हणजे आपली गाडीही आलीच. कायद्याने त्याचे येणे जुन्या कंपनीकडे असते आणि जुन्या कंपनीत काही उरलेले नसते.

आपण मराठीत ज्याला अनामत म्हणतो तो शब्द अरबी अमानतवरून आला. अमानत म्हणजे विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू. ती ठेवणाऱ्याचीच राहते, सांभाळणाऱ्याने वापरायची नसते. गाडीच्या नोंदणीची रक्कम देताना ग्राहकाच्या मनात हाच अर्थ असतो. कायदा मात्र तिला अमानत मानत नाही. ती वेगळ्या विश्वस्त खात्यात ठेवलेली नसेल तर ते कंपनीला दिलेले बिनव्याजी, बिनतारणी कर्जच ठरते. कंपनी बुडाली की आधी तारण असलेली बँक, मग प्रशासकांचा खर्च, कामगारांची ठरावीक देणी, आणि उरलेच तर बिनतारणी धनको. ग्राहक या शेवटच्या रांगेत उभा असतो. आपली गाडी कारखान्यात अर्धी बांधून पडली आहे, असे सांगूनही उपयोग नसतो. विशिष्ट गाडी ग्राहकाच्या नावे ठरवून दिली गेल्याशिवाय तिची मालकी त्याच्याकडे जात नाही.

ब्रिटनमध्ये क्रेडिट कार्डाने पैसे देणाऱ्याला एक चांगले संरक्षण आहे. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या ७५ व्या कलमानुसार विक्रेता बुडाला तर कार्ड देणारी बँक जबाबदार धरता येते, विसाराची रक्कम लहान असली तरीही. पण वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंतच हवी. म्हणजे २८,००० ची गाडी या कलमात बसते आणि ४४,००० ची बसत नाही. ज्याने सर्वांत महाग गाडी मागवली, त्याचेच हे छत्र नेमके उडाले.

आणि ज्यांना गाडी मिळाली ते तरी सुखी झाले का? नव्या मालकांच्या अभियंत्यांनी जुन्या व्ही-फोर एसएसची तपासणी केली तेव्हा ३५ दोष निघाले आणि मालकांना गाडी चालवू नका असे सांगावे लागले. ज्यांनी आयुष्यभराच्या निवृत्तिवेतनाचा पैसा गार्नर विश्वस्त असलेल्या तीन योजनांत ठेवला होता, त्यांचे हाल याहून वाईट झाले. तो पैसा नियमांची मर्यादा मोडून नॉर्टनमध्येच गुंतवला गेला होता. या गुन्ह्यात गार्नर यांना मार्च २०२२ मध्ये आठ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली.

अलीकडचे दुसरे उदाहरण पुण्याशी जोडलेले आहे. बजाज ऑटोची भागीदारी असलेल्या ऑस्ट्रियाच्या केटीएमने २९ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयात धाव घेतली. तेथे दुखणे नेमके उलटे होते. नॉर्टनकडे पैसे आले पण गाड्या नव्हत्या, केटीएमकडे न विकलेल्या गाड्या लाखाच्या वर साचल्या होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये धनकोंनी आपल्या येण्याच्या ३० टक्क्यांवर समाधान मानले आणि पैसा उभा केला तो बजाजने. केटीएमच्या लहान गाड्या चाकणला बनतात, त्यामुळे आपल्याकडील ग्राहकाला झळ कमी लागली. युरोपात मात्र कारखाना काही महिने थांबला.

आपल्या वडीलधाऱ्यांना स्कूटरसाठी थांबण्याची सवयच होती. मुलाचे लग्न ठरण्याआधी स्कूटरचा नंबर लावून ठेवावा लागे आणि नंबर यायला वर्षानुवर्षे जात. भाऊ आखाती देशात नोकरीला असेल तर परकीय चलन भरून गाडी लवकर मिळे, कोकणात कित्येक घरांत पहिली स्कूटर अशीच आली. त्या नियंत्रणाच्या काळातली एक गोष्ट मात्र आज आठवावी अशी आहे. नोंदणीची रक्कम टपाल कार्यालयाच्या बचत खात्यात भरून ते पासबुक विक्रेत्याकडे तारण ठेवण्याची पद्धत होती. गाडी उशिरा येई, पण पैसा टपाल खात्यात असे.

आज तसे नाही. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत २०१८ च्या दुरुस्तीने घर घेणाऱ्याला बँकेच्या पंक्तीला बसवले. रेरा कायद्याने बिल्डरला ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. वाहनाच्या ग्राहकाला यांतले काहीच नाही. मालासाठी आगाऊ रक्कम देणारा हा व्यवहारी धनको ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये एका खटल्यात सांगितले. अशा धनकोला धनकोंच्या समितीत मत नसते. कंपन्यांच्या ठेवींविषयीच्या २०१४ च्या नियमांत एक कलम उपयोगी आहे. मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालापोटी वळती झाली नाही, तर ती ठेव धरली जाते आणि ठेवींचे कडक नियम तिला लागू होतात. वर्ष उलटून गेलेल्या ग्राहकाने लेखी मागणी करताना या नियमाचा उल्लेख जरूर करावा.

कंपनीवर दिवाळखोरीची कारवाई सुरू झाली की तिच्याविरुद्धचे दावे थांबतात, ग्राहक मंचातील तक्रारसुद्धा. वृत्तपत्रात जाहीर सूचना येते आणि तिच्यात दिलेल्या मुदतीत पावतीसह दावा दाखल करावा लागतो. पावती विक्रेत्याच्या नावाची असेल तर गोष्ट निराळी. विक्रेता हा स्वतंत्र व्यापारी असतो, कारखाना बुडाला म्हणून तो बुडत नाही आणि पैसे त्याने घेतले असतील तर ते त्याच्याकडे मागता येतात. म्हणून गाडी नोंदवताना पावतीवर शिक्का कोणाचा आहे, विक्रेत्याचा की कंपनीचा, आणि रक्कम परत मिळण्याची तारीख लिहिली आहे की नाही, हे काउंटर सोडण्याआधी वाचावे.