पार्किन्सन्समध्ये मनाला आधार कसा मिळवावा?

पार्किन्सन्स (कंपवात) म्हटले की हाताचा कंप आणि मंदावलेली चाल डोळ्यांसमोर येते. पण अनेक रुग्णांना कंपापेक्षा उदासी, भीती आणि एकटेपणाचा त्रास जास्त होतो. याबद्दल ते घरीही बोलत नाहीत आणि डॉक्टरांकडेही.

उदास वाटणे हा कमकुवतपणा नाही

या आजारात मेंदूतील डोपामाइन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. डोपामाइनचा संबंध हालचालींप्रमाणेच उत्साहाशीही असतो. मूड सांभाळणाऱ्या इतर रसायनांवरही आजाराचा परिणाम होतो. त्यामुळे उदासी आणि चिंता हा बऱ्याचदा आजाराचाच भाग असतो. काही जणांना हा त्रास कंप सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून असतो. "मन घट्ट करा" एवढे सांगून तो जात नाही. त्यावर उपचार करावे लागतात आणि त्यांचा उपयोगही होतो.

घरच्यांनी हे समजून घ्या

पार्किन्सन्समध्ये चेहऱ्यावरचे हावभाव कमी होतात आणि आवाज बारीक होतो. नातू मांडीवर येऊन बसला तरी आजोबा हसताना दिसत नाहीत. याचा अर्थ त्यांना आनंद झाला नाही असा नाही. म्हणून चेहऱ्यावरून अंदाज बांधू नका, "आज कसं वाटतंय?" असे थेट विचारा. उत्तर द्यायला वेळ लागतो, तेवढे थांबा. त्यांचे वाक्य तुम्ही पूर्ण करू नका.

शर्टाची बटणे लावायला दहा मिनिटे लागली तरी त्यांना ती लावू द्या. स्वतःचे काम स्वतः करता येणे हाही मनाला मोठा आधार असतो.

आपल्यासारख्यांना भेटा

चारचौघांत हात थरथरतो, चहा सांडतो म्हणून अनेक जण लग्नकार्याला जाणेही सोडतात. अशा वेळी स्वमदत गटाचा फार उपयोग होतो, कारण तिथे कोणाला काही समजावून सांगावे लागत नाही. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याला सांभाळणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. पुण्यात या रुग्णांसाठी नृत्याचे वर्गही घेतले गेले आहेत. संगीताच्या ठेक्यावर पाऊल उचलणे अनेकांना सोपे जाते आणि मनही मोकळे होते.

मात्र इतरांशी तुलना करू नका. हा आजार प्रत्येकात वेगळ्या गतीने वाढतो. दुसऱ्याकडून उमेद घ्या, त्याची औषधे किंवा डोस घेऊ नका.

डॉक्टरांना काय सांगावे?

- दोन आठवड्यांहून अधिक काळ बहुतेक दिवस उदास वाटते का, आवडत्या गोष्टींतला रस गेला आहे का.
- झोप आणि भूक कशी आहे.
- घाबरल्यासारखे कधी होते, त्याची वेळ. लेव्होडोपाच्या डोसचा परिणाम ओसरताना काहींची चिंता वाढते. अशा वेळी औषधांच्या वेळा बदलूनही फरक पडू शकतो.
- चालू असलेली सर्व औषधे. रासाजिलिन किंवा सेलेजिलिन घेणाऱ्यांना नैराश्याची काही औषधे चालत नाहीत.

पार्किन्सन्सची औषधे स्वतःहून अचानक बंद करू नका. ते धोकादायक ठरू शकते. झेपेल तसा रोजचा व्यायाम हालचालींबरोबर मनालाही मदत करतो.

शुभंकरांनो, तुमचेही मन जपा

सांभाळणारी व्यक्ती बहुतेक वेळा पत्नी, पती किंवा सून असते. तिची झोप आणि तब्येत बिघडली तर दोघांचेही हाल होतात. आठवड्यातून काही तास दुसऱ्या कोणावर जबाबदारी सोपवून बाहेर पडा. त्यात अपराधी वाटण्यासारखे काही नाही.

थांबू नका, लगेच मदत घ्या

"जगून काय उपयोग?" असे विचार येत असतील किंवा घरातील कोणी असे बोलत असेल, तर ते मनावर घ्या. रुग्णाला एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६ मोफत असून चोवीस तास सुरू असते. तिथे मराठीतही बोलता येते.

पार्किन्सन्स पूर्ण बरा करणारे औषध आज नाही. पण त्यासोबत येणारी उदासी कमी करता येते. पुढच्या तपासणीला जाताना कंपाबरोबर मनाबद्दलही सांगा.