वायरलेस कॅमेरा सेन्सर जाळ्यातून चित्र कसे पाठवावे?

समजा, जंगलातल्या पाणवठ्याजवळ तुम्ही बॅटरीवर चालणारा कॅमेरा नोड बसवला आहे. बेस स्टेशनपर्यंत चित्र पोहोचायला चार टप्पे लागतात. तापमान मोजणाऱ्या नोडचे दोन बाइटमध्ये भागते. कॅमेऱ्याचे काय होते, ते आधी हिशेबाने पाहू.

३२० × २४० पिक्सेलचे कृष्णधवल चित्र, प्रत्येक पिक्सेलला १ बाइट, म्हणजे ७६,८०० बाइट. २.४ गिगाहर्ट्झच्या आयईईई ८०२.१५.४ रेडिओची एक फ्रेम जास्तीत जास्त १२७ बाइटची असते. हेडर वगळून चित्रासाठी १०० बाइट धरू. एका चित्राला ७६८ पॅकेट लागतील आणि चार टप्प्यांत ३,०७२ प्रक्षेपणे होतील. प्रत्येक प्रक्षेपणात पाठवणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची, दोघांचीही बॅटरी खर्च होते.

पहिला उपाय म्हणून जेपेग सुचेल. प्रति पिक्सेल १ बिट धरला तर ९६ पॅकेट पुरतात. पण जेपेगमध्ये प्रत्येक ब्लॉकची सरासरी मागच्या ब्लॉकपासूनच्या फरकाने लिहितात. त्यामुळे एक पॅकेट हरवले की पुढचे ब्लॉकही बिघडतात. एका टप्प्यावर शंभरात पाच पॅकेट हरवत असतील, तर सर्व ९६ पॅकेट पहिल्या प्रयत्नात पोहोचण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी आहे.

म्हणून "चित्र किती दाबावे?" याआधी "काय पाठवावे?" हा प्रश्न विचारा.

१. बदल ओळखा. टेलॉसबीसारख्या नोडची रॅम १० किलोबाइट असते. पूर्ण चित्र तिच्यात मावत नाही. कॅमेऱ्याकडून आठ-आठ ओळी घ्या (२,५६० बाइट) आणि ८ × ८ च्या प्रत्येक ब्लॉकची फक्त सरासरी साठवा. १,२०० ब्लॉक, १,२०० बाइट. जुन्या सरासरीशी तुलना करा. ढग आला तर सगळ्या सरासऱ्या जवळपास सारख्याच सरकतात. तो सामाईक बदल आधी वजा करा. बदल नसेल तर काहीच पाठवू नका.

२. आधी ढोबळ चित्र पाठवा. बदल असेल तर याच सरासऱ्या १२ पॅकेटमध्ये जातात. ती महत्त्वाची असल्याने पोच मिळेपर्यंत पुन्हा पाठवा.

३. मग बदललेले ब्लॉकच पाठवा. समजा १२० ब्लॉक बदलले. प्रत्येकाला सरासरी ८ बाइट आणि ब्लॉक क्रमांकाचे २ बाइट धरले, तर १२ पॅकेट होतात. प्रत्येक ब्लॉक स्वतंत्र लिहिल्यामुळे पॅकेट हरवले तरी नुकसान त्यातल्या दहा ब्लॉकपुरतेच राहते. तिथे ढोबळ सरासरी दिसते.

एकूण २४ पॅकेट, चार टप्प्यांत ९६ प्रक्षेपणे, पुनर्प्रक्षेपणे वेगळी. कुठे ३,०७२ आणि कुठे ९६! पार्श्वभूमीचे पूर्ण चित्र मात्र अधूनमधून पाठवावे लागेल.

स्वाध्याय: ६४० × ४८० चे चित्र, पाच टप्पे, २४० ब्लॉक बदललेले. बाकी गृहीतके तीच. प्रक्षेपणे किती? (उत्तर: ३६०)