तबकडीवरील काटा कसा वाचावा?

पुणे-सोलापूर रस्त्यावरील यवत व त्याच्या आसपासची दौंड तालुक्यातील गावे यांची शेती मुख्यतः तीन प्रकारच्या पाण्यावर चालते. खडकवासला धरणातून निघालेला नवा मुठा उजवा कालवा हे पहिले, उत्तरेकडून वाहणारी मुळा-मुठा हे दुसरे व विहिरींचे पाणी हे तिसरे. मुळा-मुठा पुढे वाळकी व रांजणगाव सांडस यांच्या दरम्यान भीमेस मिळते. भीमेच्या एका तीरास दौंड तालुका, तर दुसऱ्या तीरास शिरूर तालुका आहे. ऊस, गुऱ्हाळे व भाजीपाला हे या भागाचे मुख्य उत्पन्न होय, आणि ते सर्वस्वी पाणी वेळेवर मिळण्यावर व नको तेव्हा न येण्यावर अवलंबून असते.

पूर्वी कालव्याच्या पाण्याची वार्ता पाटकरी आणीत असे, आणि नदीच्या पाण्याची वार्ता वरच्या गावाकडून येत असे. आता ती मोबाइलच्या पडद्यावर येते. धरणाचा साठा, नदीचा विसर्ग, दिवसाचा पाऊस, जमिनीतील ओल अशा अनेक गोष्टी संकेतस्थळांवर अर्धगोल तबकडीच्या रूपाने दाखविल्या जातात. तबकडीवर हिरवे, पिवळे व तांबडे पट्टे असतात आणि काटा आपोआप हलत राहतो. ही सोय निःसंशय मोठी आहे. अक्षरओळख बेताची असणाऱ्यासही ती एका दृष्टिक्षेपात कळते. परंतु काटा दिसणे निराळे व काटा वाचणे निराळे. तो चुकीचा वाचला गेल्यास मोटार वाहून जाते, पीक सुकते किंवा जमीन बिघडते. म्हणून ग्रामकार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधु-भगिनींनी तबकडीसंबंधी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

काटा हलतो कसा?

मोटारसायकलच्या वेगदर्शक तबकडीचे मापन त्याच वाहनावर होते. पडद्यावरील काट्याचे तसे नाही. त्याचा मार्ग लांबचा आहे. पाऊस मोजणाऱ्या स्वयंचलित यंत्राचे उदाहरण घेऊ. त्यात तराजूच्या पारड्यांसारखे दोन लहान कप्पे असतात. ठरावीक पाणी साठताच एक कप्पा कलंडतो व दुसरा वर येतो. प्रत्येक कलंडण्याची नोंद होते, आणि त्या नोंदींवरून पावसाचे मिलिमीटर ठरतात. हा आकडा मोबाइलच्या जाळ्यातून दूरच्या संगणकाकडे जातो, तेथे साठविला जातो आणि तेथून आपल्या पडद्यावर येतो. काही ठिकाणी आपला पडदा त्या संगणकास ठरावीक वेळाने विचारणा करतो. काही ठिकाणी दोहोंमधील जोडणी सतत उघडी असते व नवा आकडा येताच तो पुढे ढकलला जातो.

या मार्गावरील कोणताही दुवा तुटला, तर काटा जागच्या जागी थांबतो. यंत्रात पालापाचोळा अडकला, विजेचा पुरवठा करणारी बॅटरी उतरली किंवा मोबाइलचे जाळे बंद पडले, तरी तबकडी नेहमीसारखीच दिसू शकते. स्थिर पाण्याचा काटा व बंद पडलेला काटा यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. तो फरक एकच गोष्ट सांगते, ती म्हणजे निरीक्षणाची वेळ. म्हणून काटा पाहण्यापूर्वी तबकडीखाली लिहिलेली तारीख व वेळ पाहावी. वेळ लिहिलेली नसल्यास त्या तबकडीवर विसंबून कोणताही मोठा निर्णय घेऊ नये.

प्रत्येक पाण्याची चाल निराळी

निरीक्षण किती जुने असलेले चालेल, हे मोजावयाच्या वस्तूवर अवलंबून असते. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, अर्थात सुमारे २८ लिटर पाणी. ११,५७४ क्युसेकचा प्रवाह अखंड चोवीस तास वाहिला, तर एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट पाणी होते. हे एक कोष्टक पाठ केले, तर पुष्कळ गोष्टी उलगडतात.

२५ जुलै २०२४ रोजी पहाटे खडकवासल्यातून मुठेत सोडलेला विसर्ग सुमारे ३५ हजार क्युसेकवर गेला होता व पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरी भागातील घरांत पाणी शिरले होते. हा विसर्ग दिवसभर टिकला, तर तीन टीएमसी पाणी होते. खडकवासला धरणाची उपयुक्त साठवण केवळ १.९७ टीएमसी आहे. म्हणजे अशा प्रवाहापुढे हे धरण एका दिवसात दीडपट भरून वाहील. उजनी धरणात मात्र तेवढ्याच पाण्याने साठा सहा टक्क्यांहूनही कमीच वाढेल. यावरून असे दिसते की, उजनीच्या साठ्याचा कालचा आकडा आज चालतो. परंतु खडकवासल्याच्या विसर्गाचा संध्याकाळचा आकडा पहाटे निरुपयोगी ठरू शकतो.

मुठेतील पाणी पुढे मुळा-मुठेतून दौंडच्या नदीकाठच्या गावांकडेच येते. तेव्हा पावसाळ्यात ज्यांच्या मोटारी नदीपात्रात आहेत, त्यांनी झोपण्यापूर्वी एकदा काटा पाहून स्वस्थ बसू नये. वरच्या धरणांच्या क्षेत्रात जोराचा पाऊस असेल, तर काटा हिरव्या पट्ट्यात असतानाच मोटारी, स्टार्टर व केबल वर काढाव्यात. काटा तांबड्यात गेल्यावर पात्रात उतरणे जिवावर बेतणारे असते.

शून्य कोठे, शंभर कोठे?

तबकडीच्या दोन टोकांना काय आहे, हे पाहणे तितकेच अगत्याचे आहे. उजनी धरणाचा एकंदर साठा सुमारे ११७ टीएमसी आहे, त्यापैकी ५३.५७ टीएमसी उपयुक्त व ६३.६६ टीएमसी मृत साठा होय. टक्केवारी केवळ उपयुक्त साठ्यावर काढली जाते. म्हणून उजनीचा काटा शून्यावर आला, तरी धरण कोरडे झालेले नसते. २०२४ च्या उन्हाळ्यात हा आकडा उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेला होता. उणे ५० टक्के म्हणजे सुमारे ३७ टीएमसी पाणी शिल्लक असणे. ज्या तबकडीत शून्याच्या डावीकडे जागाच नाही, तिचा काटा अशा वेळी शून्यावर टेकून राहील आणि पाणी रोज घटत असूनही ते थांबले आहे असा भास होईल.

खडकवासल्याबाबतीत उलट प्रकारचा गैरसमज होतो. त्या धरणाचा काटा शंभरावर दिसला की उन्हाळी आवर्तनाची निश्चिती झाली, असे काहींना वाटते. परंतु पानशेत, वरसगाव, टेमघर व खडकवासला या चार धरणांचा मिळून उपयुक्त साठा २९.१५ टीएमसी आहे, आणि त्यात खडकवासल्याचा वाटा सात टक्क्यांहूनही कमी आहे. शिवाय याच साठ्यातून पुणे शहराचे पिण्याचे पाणीही जाते. आवर्तनाचा अंदाज बांधावयाचा असेल, तर चारही धरणांची एकत्रित तबकडी पाहावी आणि पाटबंधारे खात्याने जाहीर केलेले वेळापत्रक प्रमाण मानावे.

पावसाच्या तबकडीसंबंधीही हाच प्रश्न उद्भवतो. महावेध प्रकल्पाखाली २०१७ पासून राज्यात महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. हवामान खात्याच्या रूढ पद्धतीप्रमाणे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. काही तबकड्यांची मोजणी मात्र मध्यरात्रीपासून नव्याने सुरू होते. सकाळी नऊ वाजता काटा दोन मिलिमीटर दाखवीत असेल, तर रात्री पाऊस झालाच नाही असे समजून पाणी देण्याची घाई करू नये. मोजणी कोणत्या वेळेपासून आहे ते आधी पाहावे.

जमिनीतील ओल: उजवीकडे ओले की कोरडे?

बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात अलीकडच्या वर्षांत उसाच्या शेतात जमिनीतील संवेदक व हवामान केंद्र बसवून पाणी देण्याचे प्रयोग झाले आहेत. अशी साधने आता आपल्याही भागातील बागायतदारांपर्यंत पोहोचत आहेत. येथे एक मोठा धोका संभवतो. काही संवेदक ओल टक्क्यांत दाखवितात; त्यात काटा जितका उजवीकडे, तितकी जमीन ओली. टेन्शिओमीटर मात्र मुळांना पाणी ओढून घेण्यास किती जोर लावावा लागतो, ते सेंटिबारमध्ये दाखवितो; त्यात काटा जितका उजवीकडे, तितकी जमीन कोरडी. एकाच पडद्यावर या दोन तबकड्या शेजारी असल्या, तर घोटाळा झाल्यावाचून राहत नाही.

टेन्शिओमीटरचे सर्वसाधारण प्रमाण असे: १० सेंटिबारपर्यंत जमीन पाण्याने तुडुंब, १० ते ३० पर्यंत ओल पुरेशी, ३० ते ६० दरम्यान बहुतेक जमिनींत पाणी देण्याची वेळ. भारी काळ्या जमिनीत यापुढेही काही काळ थांबता येते, तर हलक्या मुरमाड जमिनीत आधीच पाणी द्यावे लागते. तेव्हा सर्वांना एकच हिरवा-तांबडा पट्टा लावणे शास्त्रशुद्ध नव्हे. पट्ट्यांच्या सीमा जमीन व पीक पाहून ठरवाव्यात. काळ्या जमिनीत ओल असतानाही कालव्याचे पाणी दिले, तर मुळांची हवा कोंडते, क्षार वर येतात व जमीन खारवट होऊ लागते. ती पुन्हा सुधारण्यास अनेक वर्षे व भारी खर्च लागतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी काय करावे?

१. गावासाठी तबकडी निवडताना तिच्यावर मापाचे नाव, एकक, दोन्ही टोकांचे आकडे व निरीक्षणाची वेळ स्पष्ट आहे ना, हे पाहावे.

२. निरीक्षण जुने झाल्यास काटा फिका पडेल किंवा ‘माहिती आलेली नाही’ असे शब्द दिसतील, अशी व्यवस्था तबकडी तयार करणाऱ्यांकडून करून घ्यावी.

३. काटा केवळ या क्षणाचे सांगतो. पाणी चढते आहे की उतरते आहे, हे सांगत नाही. म्हणून पावसाळ्यात दिवसातून निदान तीन वेळा आकडा वेळेसह वहीत टिपावा.

४. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज तीन गोष्टी लिहाव्यात: आकडा, त्याची वेळ व काय करावे. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांनाही ही माहिती मिळाली पाहिजे.

५. यंत्राची पडताळणी हाताने करावी. साध्या पर्जन्यमापकातील पाणी, नदीवरील मोजपट्टी व मुळांच्या खोलीवरून काढलेली मूठभर माती ही जुनी साधने टाकून देऊ नयेत. माती मुठीत दाबून घट्ट गोळा होत असेल आणि काटा कोरडे दाखवीत असेल, तर आधी यंत्र तपासावे.

वेळ, एकक, शून्याची जागा व पट्ट्यांच्या सीमा या चार गोष्टी पाहूनच काट्यावर विश्वास ठेवावा. ही तपासणी करण्यास एक मिनिटही लागत नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक नदीकाठच्या गावात निदान पाच तरुण शेतकऱ्यांना ती शिकवावी आणि मोटारी वर काढण्याची जबाबदारी कोणी, कोणत्या आकड्यावर घ्यावयाची, हे आताच ठरवून ठेवावे.