भिरूड, भुंगेरा आणि लाकडी खोके

मराठीत ‘भुंगा’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. कोरडे लाकूड भेदणारा भ्रमर कमळाच्या कोमल पाकळीत मात्र अडकतो, हा काव्यसंकेत आपल्या परिचयाचा आहे. पण घराच्या वाशाला वाटोळे भोक पाडणारा तो काळा कीटक वस्तुतः मधमाशीच्या कुळातला. तो मृत लाकडात घर करतो, लाकूड खात नाही. जिवंत झाडाला मारणारे कीटक निराळे, आणि कोकणातील बागायतदाराने त्यांच्यासाठी शब्दही निराळे राखले आहेत: आंब्याच्या खोडातील भिरूड, काजूच्या बुंध्यातील रोठा, माडावरील गेंड्या आणि सोंड्या. शास्त्रीय परिभाषेत हे सर्व भुंगेरे होत. तथापि ‘भिरूड’ म्हणताना बागायतदाराच्या डोळ्यांपुढे उडणारा किडा नसतो, खोडातली अळी असते. आणि खरा प्रश्न अळीचाच आहे.

मादी सालीच्या फटीत अंडी घालते. अळी सालीखाली शिरून झाडाचा अन्नरस वाहून नेणारा थर खाते व पुढे काष्ठात बोगदे करीत जाते. भिरुडाच्या आयुष्याचा बहुतेक काळ असा खोडातच जातो. बाहेर दिसतो तो छिद्रातून गळणारा भुसा. फांदी वाळू लागते तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. तारेच्या आकड्याने अळी ओढून काढावी, छिद्रात कीटकनाशकाचा बोळा घालून तोंड चिखलाने लिंपावे, हा बागेतला उपाय. तो साधतो, कारण मालक रोज झाडाखालून जातो आणि भुसा त्याच्या नजरेस पडतो. शहरातील झाडाखालून हजारो माणसे जातात, पण त्याला असा मालक नसतो.

‘आक्रमक परकी प्रजाती’ ही संज्ञा ऐकली की किडा बाहेरून आपल्याकडे येतो, अशी समजूत होते. ती अपुरी आहे. आपल्या किनाऱ्यावरचा जुना रहिवासी गेंड्या १९०९ मध्ये श्रीलंकेहून रबराच्या रोपांबरोबर सामोआ बेटांवर पोचला आणि तेथील माडांचा काळ ठरला. पुढे २००७ मध्ये तो ग्वाममध्ये व २०१३ मध्ये हवाई बेटांवर आढळला. सोंड्या भुंगा १९८० नंतरच्या दशकात आखाती देशांतील खजुरांवर दिसला व पुढच्या दशकात स्पेनमध्ये गेला. भूमध्य समुद्राकाठच्या शहरांनी रस्त्यांकडेला हौसेने लावलेली ताडवर्गीय झाडे त्याने पोखरून मारली. आपल्याकडेही हे किडे नुकसान करतातच. परंतु येथे त्यांना मारणारे रोग आणि शत्रू त्यांच्याबरोबरच नांदतात. सामोआत १९६७ मध्ये मलेशियातून आणलेला एक विषाणू सोडल्यावर गेंड्याचा जोर ओसरला, हे या संदर्भात बोलके आहे. परकेपणा किड्याच्या अंगात नसतो, त्याच्या पत्त्यात असतो.

जिवंत रोप हा या प्रवासाचा एक मार्ग. दुसरा मार्ग यंत्रयुगाने घालून दिला. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात आणि १९९८ मध्ये शिकागोत चीनकडचा एक लांब मिशांचा भुंगेरा मेपल वृक्षांत सापडला. तो मालाच्या लाकडी खोक्यांतून आला असावा, असा निष्कर्ष निघाला. शिकागोने दीड हजारांहून अधिक झाडे तोडली, लाकडाचे बारीक तुकडे केले, आसपासच्या निरोगी झाडांना औषध टोचले. आणि २००८ मध्ये तो भाग कीडमुक्त जाहीर झाला. यशाची उदाहरणे थोडी आहेत. त्यांतले हे एक, आणि त्याची किंमत ही.

चेन्नईच्या नैर्ऋत्येस कांचीपुरम जिल्ह्यात असलेल्या ओरगडमचा विचार या पार्श्वभूमीवर करावा लागतो. वंडलूर–वालाजाबाद आणि सिंगपेरुमाळकोविल–श्रीपेरुंबुदूर हे दोन रस्ते येथे एकमेकांना छेदतात. सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत २०१० मध्ये रेनो-निसानचा आणि २०१२ मध्ये डेमलरचा कारखाना सुरू झाला. मोटारीचे सुटे भाग बंदरातून येतात, तयार गाड्या बंदराकडे जातात. आणि जड यंत्र कोठूनही कोठेही जावो, त्याच्या बुडाशी बहुधा लाकूड असते. म्हणजे ओरगडम हे एकाच वेळी प्रवेशद्वार आहे आणि निर्गमद्वारही. येथून बाहेर पडणारे खोके दुसऱ्या एखाद्या शहराची चिंता असतात.

या दाराला एक कडी आहे. आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराखाली २००२ मध्ये एक मानक ठरले. त्यानुसार खोक्याचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस तापवून सलग ३० मिनिटे तसे ठेवावे, अथवा त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी द्यावी, आणि गव्हाच्या ओंबीचे चिन्ह असलेला शिक्का उमटवावा. शिक्क्यावर देशाचा संकेत असतो व उपचाराचाही. ‘एचटी’ म्हणजे उष्णता, ‘एमबी’ म्हणजे धुरी. (हा वायू ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून इतरत्र त्याचा वापर बंद करत आणला; कीडबंदीच्या कामासाठी तेवढी सवलत राहिली.) ही व्यवस्था चांगली आहे, पण ती कागदासारखीच आहे: शिक्का खरा असावा लागतो आणि तो कोणी वाचावा लागतो.

त्यानंतरचा टप्पा अधिक अवघड. आपल्याकडे रिकामे खोके फेकले जात नाही. ते भंगारवाल्याकडे जाते, त्याची बाके होतात, टपऱ्या होतात, उरलेले चुलीत जाते. काटकसर हा दोष नव्हे. पण किडीच्या दृष्टीने हीच तिची वाहतूक होय. उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेला हिरवा भुंगेरा अॅश वृक्षांचा संहार करीत दूरवर पसरला, त्यात सरपणाच्या मोळ्यांचा मोठा हात होता. यावर उपाय म्हणून सरपण विकणाऱ्यावर बंदी घालणे अन्यायाचे ठरेल. खोके ज्याने मागवले त्या कारखान्याने बिनशिक्क्याचे लाकूड आवाराबाहेर सोडू नये व ते स्वखर्चाने नष्ट करावे, हेच न्याय्य.

तरीही एखादा किडा निसटेल. दोन मिलिमीटरचा, तिळाएवढा एक भुंगेरा आग्नेय आशियातून जगभर पसरला आहे. तो स्वतःबरोबर बुरशी नेतो, खोडात तिची जणू शेती करतो, आणि ती बुरशी झाडाच्या रसवाहिन्या बंद करते. फलित झालेली एकच मादी नवी वसाहत उभारू शकते. ऑस्ट्रेलियातील पर्थ परिसरात तो २०२१ मध्ये सापडला. हजारो झाडे तोडूनही २०२५ मध्ये उच्चाटनाचा नाद सोडून देऊन त्याला आटोक्यात ठेवण्याचे धोरण स्वीकारावे लागले.

म्हणून लागवडीचा प्रश्न येतो. रोगाने एल्म मेले तेव्हा अमेरिकी शहरांनी त्यांच्या जागी रांगाच्या रांगा मेपल आणि अॅशच्या लावल्या. पुढच्या किड्यांना ती मेजवानीच ठरली. १२ डिसेंबर २०१६ च्या वरदा वादळात चेन्नईतील हजारो झाडे कोसळली. अशा पोकळीत लवकर वाढणारे एकच झाड सर्वत्र लावण्याचा मोह होतो, आणि तो टाळण्याजोगा आहे. शिवाय खोडकिडा अशक्त झाड शोधतो. बुंध्याभोवती सिमेंट ओतलेले, मुळे तोडलेले, फांद्या वेड्यावाकड्या छाटलेले झाड म्हणजे त्याला उघडे दारच. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीचे एक मीटर परिसरातील सिमेंट काढण्याचा आदेश दिला. तो किडीसाठी नव्हता, पण किडीच्या बंदोबस्तालाही त्याचा उपयोग आहे.

राहता राहिले तोडलेले झाड. कीड लागलेला ओंडका रस्त्याकडेला महिनाभर पडून राहिला, तर त्यातील अळ्यांना वाढ पुरी करून उडून जायला तेवढा अवधी मिळतो. तो त्याच जागी बारीक चिरून टाकावा, अथवा झाकून न्यावा आणि लगेच जाळावा. भुशाची खूण ओळखणारा माणूस महापालिकेकडे असावाच. पण तो वर्षातून एकदा येणार. झाडाखाली इस्त्रीची टपरी मांडणारा मनुष्य मात्र रोज तेथेच असतो, आणि भुसा प्रथम त्याच्याच कपड्यांवर पडतो.