चादरीच्या गावातून मलमपट्टी का निघू नये?

सरकार पैसे देते म्हटले की आपल्या वस्तीत दोनच चित्रे डोळ्यांपुढे येतात. एक, महामंडळाचे कर्ज. दुसरे, सबसिडी आणि ती मिळवून देतो म्हणणारा दलाल. परंतु तिसराही एक प्रकार आहे आणि त्याची चर्चा आमच्या सोलापुरात फारशी कानी पडत नाही. रोगतपासणीचे नवे साधन, रुग्णासाठी नवे उपकरण किंवा जखमेसाठी नवी पट्टी तयार करून पाहण्यासाठी छोट्या उद्योगाला मिळणारे संशोधन अनुदान, तो हा प्रकार. ठरल्या कामावर ठरल्याप्रमाणे खर्च केलेले हे पैसे परत फेडायचे नसतात. प्रयोग प्रामाणिकपणे करूनही फसला, तर घरावर जप्ती येत नाही.

ही कल्पना जगात नवी नाही. अमेरिकेने १९८२ साली कायदाच केला की, ज्या केंद्रीय खात्यांचे संशोधनाचे अंदाजपत्रक मोठे आहे, त्यांनी त्यातला ठरावीक हिस्सा छोट्या उद्योगांसाठी बाजूला काढलाच पाहिजे. राखीव वाटा म्हटला की नाक मुरडणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी हे जरूर वाचावे. आपल्या केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने त्याच धर्तीची योजना २००५ साली सुरू केली. पुढे २०१२ मध्ये या कामासाठी ‘बायरॅक’ नावाची स्वतंत्र सरकारी संस्था स्थापन झाली. तिच्या ‘बिग’ या योजनेत कल्पना खरी ठरते का हे पाहण्यासाठी १८ महिन्यांपर्यंत ५० लाख रुपयांपर्यंत अनुदान ठेवलेले आहे. अर्जदाराची कंपनी नसली तरी चालते. मात्र मग त्याने एखाद्या मान्यताप्राप्त उद्योगसंगोपन केंद्राचा आसरा घ्यावा लागतो. असे एक केंद्र पुण्याला, पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात आहे. त्याचे नाव व्हेंचर सेंटर.

पुणेकरांनी याचा उपयोग करून घेतला आहे. तेथील जीवट्रॉनिक्स या कंपनीने बंद पडू पाहणाऱ्या हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र असे बनवले की, वीज नसली तर ते हाताने दांडा फिरवून चालते. भारनियमन भोगलेल्या माणसालाच असले सुचणार! सरकारच्या विज्ञान खात्याचा हात या कामाला लागला. थिंकर टेक्नॉलॉजीज या दुसऱ्या पुणेरी कंपनीने कोविडच्या काळात मुखपट्टी तयार केली. तिच्या कापडावर साबणाच्या जातीच्या रसायनाचा थर होता आणि त्या थराने विषाणूचे आवरण फुटे. केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने तिच्याशी जुलै २०२० मध्ये करार केला, आणि पुढे त्या मुखपट्ट्या एका स्वयंसेवी संस्थेमार्फत नंदुरबार व नाशिकच्या सरकारी दवाखान्यांपर्यंत पोहोचल्या. येथे एक फरक ध्यानात ठेवावा. हे मंडळ बहुधा सवलतीचे कर्ज देते, आणि तेही वस्तू तयार होऊन बाजारात उतरायची वेळ आली म्हणजे. कल्पनेच्या पायरीवर मिळते ते अनुदान. दोन्हींची गल्लत केली की अर्ज चुकीच्या दारात जाऊन पडतो.

आता मुखपट्टी म्हणजे शेवटी कापडच ना? मग आम्हाला प्रश्न पडतो, कापडाचे गाव कोणते? गिरण्या बंद पडल्या, पण यंत्रमाग राहिले. चादर आणि टेरी टॉवेल यांनी सोलापूरचे नाव देशाबाहेर नेले. ताणा-बाणा, सायझिंग, डाइंग हे शब्द येथील पोरांना शाळेत जाण्याआधी ठाऊक असतात. आणि याच गावात सिव्हिल हॉस्पिटल व त्याला जोडलेले सरकारी मेडिकल कॉलेज आहे. धाराशिव आणि विजापूरकडचे रुग्णही तेथे येतात. त्या वॉर्डातल्या कोणत्याही सिस्टरला विचारा. भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर साधी जाळीची पट्टी वाळली की ती कातड्याला चिकटते. ती काढताना नवी आलेली नाजूक त्वचाही निघते आणि रुग्णाच्या किंकाळ्या जिन्यापर्यंत ऐकू येतात. न चिकटणाऱ्या पट्ट्या बाजारात आहेत, पण त्यांची किंमत हातावर पोट असणाऱ्याच्या आवाक्यातली नाही. स्वस्तात न चिकटणारी पट्टी येथल्या मागावर विणता येईल का, हा संशोधनाचा प्रश्न झाला. अशा प्रश्नासाठीच सरकार पैसे देते.

किंबहुना कापडासाठी वेगळी योजनाच निघाली. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने १,४८० कोटी रुपयांचे राष्ट्रीय तांत्रिक वस्त्र मिशन मंजूर केले. वैद्यकीय कापड त्यातच येते. त्याच मिशनखाली २०२३ साली ‘ग्रेट’ नावाची योजना जाहीर झाली: नव्या उद्योजकाला १८ महिन्यांपर्यंत ५० लाखांपर्यंत अनुदान. अशा योजनांचे अर्ज ठरावीक मुदतीत मागवले जातात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी वस्त्रोद्योग मंत्रालयाची ताजी जाहिरात स्वतः वाचावी. दुसऱ्याच्या तोंडच्या माहितीवर विसंबू नये.

आमच्याकडे मध्यंतरी दोन मुले आली. एकाचा वस्त्रोद्योगाचा डिप्लोमा, दुसरा औषधनिर्माण शिकलेला. एका एजंटाने त्यांना पाच टक्के कमिशनवर “केस पास करून देतो” असे सांगितले होते. आम्ही त्यांना एवढेच विचारले की, बाबांनो, तज्ज्ञांच्या समितीपुढे तो एजंट उभा राहणार की तुम्ही? कारण ही फाइल साहेबाच्या सहीने पास होत नाही. समिती समोरासमोर विचारते: दुखणे नेमके कोणाचे, आज त्यावर काय वापरतात, तुमच्यात नवे काय, आणि ते खरे आहे हे तुम्ही कसे दाखवणार. रुग्णांवर प्रयोग करायचा तर रुग्णालयाच्या नीतिविषयक समितीची परवानगी लागते. पट्टी विकायची तर औषध कायद्याखालचा परवाना लागतो. कापडाची चाचणी कोठे करायची, तर कोईमतूरला ‘सिट्रा’ ही संस्था आहे. वैद्यकीय कापडाचे देशातले खास केंद्र तेथेच आहे. यातले एकही उत्तर कमिशनवर मिळत नाही.

हिशेबाबद्दल मात्र आम्ही जरा सविस्तर लिहितो, कारण आमचे आयुष्य त्यातच गेले आहे. अनुदान एकरकमी हातात पडत नाही, हप्त्याने येते. पहिल्या हप्त्यात जे करून दाखवतो म्हणून लिहून दिले ते केले आणि खर्चाचे उपयोगिता प्रमाणपत्र दिले, की पुढचा हप्ता सुटतो. तेव्हा पहिल्या दिवसापासून बँकेत वेगळे खाते असावे. सुताच्या बिलावर दुकानदाराचा जीएसटी क्रमांक असावा. यंत्रासाठी ठेवलेला पैसा पगारात वळवायचा तर आधी लेखी मंजुरी घ्यावी. भावाच्या लग्नात “चार दिवसांसाठी” पैसे काढले आणि नंतर भरले, तरी बँकेच्या उताऱ्यात ते दिसतात. चांगले चाललेले काम कागदामुळे अडलेले आम्ही पाहिले आहे.

आणि खरी अडचण वेगळीच आहे. ‘ग्रेट’मध्ये मिळणाऱ्या निधीच्या किमान १० टक्के रक्कम उद्योजकाने स्वतः घालावी, अशी अट ठेवण्यात आली, म्हणजे ५० लाखांना ५ लाख. मागावर रोजंदारी करणाऱ्याच्या किंवा विडी वळणाऱ्या आईच्या घरातला मुलगा ते कोठून आणणार? कल्पनेला जात नसते, भांडवलाला असते, असे आम्ही म्हणतो ते यासाठी. सामाजिक न्याय मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०२० रोजी ‘आंबेडकर सोशल इनोव्हेशन अँड इन्क्युबेशन मिशन’ जाहीर केले, ते या ठिकाणी उपयोगाचे. संगोपन केंद्रांतील अनुसूचित जातींच्या १,००० तरुणांना चार वर्षांत शोधायचे आणि तीन वर्षांत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत भागभांडवल द्यायचे, असे ते उद्दिष्ट होते. भागभांडवल म्हणजे अनुदान नव्हे; पैसे देणारा तुमच्या कंपनीत हिस्सेदार होतो. ही गोष्ट सहीपूर्वी कळलेली बरी.

त्या दोन मुलांना आम्ही इंग्रजी फॉर्म बाजूला ठेवायला सांगितले आहे. आधी भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात परवानगी घेऊन बसावे, सिस्टरांचे म्हणणे ऐकावे, आठवड्यात किती पट्ट्या लागतात व किती वेळा बदलतात ते वहीत टिपावे. मग तीन पाने, साध्या मराठीत. त्यांचे इंग्रजी करून देणारे प्राध्यापक गावात आहेत. खर्चाचा तक्ता तपासून देण्यासाठी आम्ही दर रविवारी सकाळी मोकळे असतो. कोणीही यावे, वही घेऊन यावे.