शाळा उघडल्या, पालक कोठे आहेत?

मृगाच्या सरी आल्या की हातकणंगले तालुक्यात दोन पेरण्या एकाच वेळी सुरू होतात. एक शिवारात सोयाबीन-भुईमुगाची. दुसरी शाळेच्या पटावर नव्या नावांची. पहिलीकडे आमचे लोक डोळ्यांत तेल घालून पाहतात. बियाणे कोठले, उगवण किती, पाऊस लांबला तर दुबार पेरणीचे काय, याची चर्चा चावडीपासून एस.टी.च्या थांब्यापर्यंत रंगते. दुसरीची काळजी मात्र दप्तर, गणवेश आणि फीची पावती हाती पडली की संपते. पुढे काय उगवले आणि काय करपले, याची विचारपूस थेट निकालाच्या दिवशी! या उदासीनतेविषयी आज दोन शब्द स्पष्टपणे लिहिणे आम्हांस अवश्य वाटते.

ज्या मुलखात आपण हे लिहीत-वाचीत आहोत, त्याचा इतिहास या बाबतीत साधा नाही. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळापुढे मांडले आणि पुढच्याच वर्षी सरकारपक्षाच्या बहुमताने ते फेटाळले गेले. जे काम एवढ्या मोठ्या साम्राज्यास झेपले नाही, ते छत्रपती शाहू महाराजांनी १९१७ साली आपल्या छोट्या करवीर संस्थानात हाती घेतले. शिक्षण मोफत केले आणि सक्तीचेही केले. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही कष्टकऱ्याच्या घरी सहज निघणारी रक्कम नव्हती. महाराजांचा रोख खजिन्यावर नव्हता. मुलाचे शिक्षण ही बापाच्या मर्जीची बाब नव्हे, हे त्यांस बापाच्या गळी उतरवावयाचे होते.

आज तो दंड नाही. २००२ सालच्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. हक्काचा पुकारा सर्वत्र झाला. परंतु त्याच घटनादुरुस्तीने मूलभूत कर्तव्यांच्या अनुच्छेद ५१क मध्ये पालकांच्या नावे एक नवे कर्तव्य लिहून ठेवले, याची वार्ता फारशा घरांत पोहोचलेली दिसत नाही. २००९ च्या कायद्याचे दहावे कलमही तेच सांगते. कर्तव्य आहे, शिक्षा नाही. शिक्षा ठेवली नाही हे योग्यच झाले. इचलकरंजीत मागावर रात्रपाळी करणाऱ्या मजुरास दंड करून त्याचे मूल शिकते असे नाही. पण जेथे कायदा दंड सोडतो, तेथे तो माणसाच्या सद्सद्विवेकावर भरवसा टाकतो. त्या भरवशास आपण पात्र आहोत काय, हा खरा प्रश्न आहे.

आम्हीही पालकच आहोत. जूनमध्ये शाळेच्या दाराशी मुलाचे बोट सोडताना जी हुरहुर वाटते, ती आम्हांस परकी नाही. आपल्या मुलास चांगले गुरुजी मिळोत, चांगली संगत लाभो, हीच त्या वेळी मनात इच्छा असते. ती स्वाभाविक आहे. पण अपुरी आहे. आपले मूल ज्या बाकावर बसते त्यावर आणखी एक मूल बसते. ते मध्येच गळाले, तर आपले मूल पुढे गेले म्हणून गाव पुढे गेले असे होत नाही.

हा विचार परगावाहून आणावा लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील याच तालुक्यातील कुंभोज येथे १८८७ साली जन्मले. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि पुढे साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसविली. त्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले. अखेर मंगळसूत्रही दिले. ती मुले त्यांच्या पोटची नव्हती. पालकपणाची मर्यादा स्वतःच्या उंबरठ्यापाशी संपत नाही, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

कोणी म्हणेल, “आम्ही अडाणी माणसे, शाळेत येऊन आम्ही काय पाहणार?” कायद्याने याचेही उत्तर दिले आहे. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांना व्यवस्थापन समिती नेमावी लागते. तिच्यात तीनचतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असा नियम आहे. कारभारावर व अनुदानाच्या खर्चावर तिने लक्ष ठेवावयाचे असते. संडासास पाणी आहे की नाही, गुरुजी वेळेवर येतात की नाही, आपले पोर कालपर्यंत येत होते ते आज का आले नाही, हे पाहण्यास पदवी लागत नाही. परंतु सभेची नोटीस आली असता “तुम्हीच सही उरकून घ्या, गुरुजी” म्हणणारे गृहस्थ आम्ही पाहिले आहेत. हक्क असा उधळून टाकावा आणि मग शाळा बिघडली म्हणून सरकारास बोल लावावा, हे न्यायाचे नव्हे.

आणखी एक गोष्ट निकडीची आहे. कायद्याचे छत्र चौदाव्या वर्षी संपते आणि नेमक्या त्याच वयात मुलीच्या शाळेविषयी घरात कुजबूज सुरू होते. माध्यमिक शाळा शेजारच्या गावी, वाट लांबची, दिवस पावसाचे! अहिल्याबाई होळकर योजनेखाली ग्रामीण मुलींस एस.टी.चा पास मोफत मिळतो. तेव्हा प्रवासखर्चाची सबब टिकत नाही. उरते ती भीती. एकट्या मुलीस ती भेडसावील; चार घरच्या मुली मिळून निघाल्या आणि थांब्यावर आळीपाळीने एक वडीलधारे माणूस उभे राहिले, तर तिचे बळ पुष्कळ ओसरेल.

यास्तव हातकणंगल्याच्या पालकांपाशी आमचे मागणे फार नाही. व्यवस्थापन समितीच्या पहिल्या सभेस जातीने हजर राहावे. आठवी संपलेल्या आपल्या आळीतील प्रत्येक मुलीचे नाव नववीच्या पटावर आहे की नाही, हे या पंधरवड्यात विचारून घ्यावे. आणि जिचे नाव नसेल तिच्या घरी आजच संध्याकाळी जावे.